एक्झिक्युटिव्ह गाडी घेण्यापूर्वी



या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत अलीकडे एक प्रश्न वारंवार दिसतो : "साधे टॅक्सीचे काम नको, एक्झिक्युटिव्ह काम करायचे आहे. त्यासाठी कोणता परवाना लागतो?" विचारणारे बहुधा आपल्याच घरांतील कष्टकरी असतात. कोणी गोदामात रात्रपाळी करतो, कोणी वर्षानुवर्षे दुसऱ्याची मिनीकॅब चालवतो. काही वर्षांची बचत हाताशी असते आणि उरलेली रक्कम हप्त्यांनी फेडून मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू दारात उभी करावी, कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विमानतळावरून आणावे-पोहोचवावे, असा बेत असतो. बेत वाईट नाही. मात्र प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे आणि तो गाडी घेतल्यानंतर उमगला, तर फार महाग पडतो.

गैरसमज असा, की एक्झिक्युटिव्ह गाडीसाठी काही निराळा, वरच्या दर्जाचा परवाना असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये, लंडन वगळता, हा व्यवसाय मुख्यत्वे 1976 च्या लोकल गव्हर्न्मेंट (मिसलेनिअस प्रोव्हिजन्स) कायद्याखाली चालतो. त्या कायद्यात 'एक्झिक्युटिव्ह परवाना' नावाची वस्तूच नाही. जिची आसनक्षमता नऊ प्रवाशांहून कमी आहे आणि जी चालकासह भाड्याने दिली जाते, अशी हॅकनी कॅरेज नसलेली गाडी म्हणजे प्रायव्हेट हायर गाडी. मग ती दहा वर्षांची टोयोटा असो की कोरी एस-क्लास. लंडनसाठी 1998 चा स्वतंत्र कायदा आहे व तेथे परवाने ट्रान्सपोर्ट फॉर लंडन देते. स्कॉटलंडमध्ये 1982 चा कायदा लागू होतो. खाली जे लिहिले आहे ते लंडनबाहेरील इंग्लंड व वेल्सपुरते समजावे.

या कायद्यानुसार परवाने तीन. चालकाचा, गाडीचा आणि ऑपरेटरचा. ऑपरेटर म्हणजे भाड्याची नोंदणी स्वीकारणारा. "माझी एकच गाडी, मीच चालवणार, मग ऑपरेटर कशाला?" असे अनेकजण विचारतात. कायदा गाड्यांची संख्या विचारत नाही. व्यवसाय म्हणून तुम्ही स्वतःच्या फोनवर नोंदणी घेत असाल, तर तुम्ही ऑपरेटर ठरता आणि तिसरा परवानाही तुम्हालाच काढावा लागतो. दुसऱ्या परवानाधारक ऑपरेटरकडून काम घेणार असाल, तर तो तुमच्यापुरता लागत नाही. मात्र एक अट दोन्हीकडे सारखीच आहे : एका फेरीसाठी वापरलेले तिन्ही परवाने एकाच कौन्सिलने दिलेले असले पाहिजेत. चालकाचा परवाना एका गावचा, गाडीचा दुसऱ्या गावचा, हे चालत नाही. सर्वसाधारणपणे चालकाचा परवाना तीन वर्षांसाठी आणि ऑपरेटरचा पाच वर्षांसाठी मिळतो. गाडीचा मात्र एका वेळी एक वर्षापलीकडे जात नाही.

मग 'एक्झिक्युटिव्ह' हा शब्द आला कोठून? पूर्वी किमान सात दिवसांच्या करारावर दिलेल्या गाड्यांना या परवान्यांतून सूट होती. कंपन्यांकडे कराराने चालणाऱ्या शोफरच्या गाड्या त्या सवलतीखाली परवान्याविना धावत. 2006 च्या रोड सेफ्टी कायद्याने ती सूट काढून टाकली आणि जानेवारी 2008 पासून अशा गाड्याही परवान्याच्या कक्षेत आल्या. तेव्हा अडचण उभी राहिली ती प्लेटची. प्रायव्हेट हायर गाडीवर कौन्सिलची प्लेट बाहेरून दिसेल अशी लावावी लागते. ती न लावता गाडी चालवणे हा गुन्हा आहे. पण मोठ्या कंपन्यांच्या काही ग्राहकांना, तसेच सुरक्षेच्या कारणाने ओळख झाकून प्रवास करणाऱ्यांना, अशी प्लेट नको असते. त्यासाठी 1976 च्या कायद्याच्या 75 व्या कलमात एक दार आहे. कौन्सिल गाडीमालकाला लेखी नोटीस देऊन प्लेट लावण्यातून मोकळीक देऊ शकते. ती नोटीस लागू असेल तेव्हा चालकालाही बिल्ला अंगावर लावण्याची सक्ती राहत नाही. लोक ज्याला 'एक्झिक्युटिव्ह परवाना' म्हणतात, तो प्रत्यक्षात एवढाच आहे : नेहमीचे तिन्ही परवाने आणि वर प्लेटमाफीची एक लेखी नोटीस.

ही नोटीस देणे कौन्सिलच्या मर्जीवर आहे, बंधनकारक नाही. प्रत्येक कौन्सिलचे धोरण वेगळे असते, पण सूर साधारण एकच. गाडी उंची, सुस्थितीतील आणि आरामशीर हवी. तिच्यावर जाहिरात नको, मीटर नको. चालकाचा पोशाख नीटनेटका हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामाचे स्वरूप. गाडी खरोखर कंपन्यांच्या किंवा तत्सम ग्राहकांच्या कामासाठी वापरली जाणार आहे याचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागितला जातो : करार, ग्राहकांची पत्रे, पूर्वनोंदणीच्या नोंदी. माफी गाडीच्या किमतीला मिळत नाही, कामाला मिळते. शनिवारी रात्री पबबाहेरच्या नेहमीच्या फेऱ्या करून सोमवारी कंपनीचे काम, असा मिश्र धंदा करणाऱ्याची माफी अनेक कौन्सिली नाकारतात किंवा दिलेली काढून घेतात.

म्हणूनच आमचा पहिला आग्रह असा, की गाडी शेवटी घ्यावी. आधी आपल्या कौन्सिलचे प्लेटमाफीचे धोरण वाचावे. मग परवाना विभागाला लेखी विचारावे : अमुक मॉडेल, अमुक वर्षाची गाडी, तिच्या मागील काचा इतक्या गडद, काम या स्वरूपाचे, परवाना आणि माफी या दोहोंसाठी ती विचारात घेतली जाईल काय? गाडीच्या वयाच्या, उत्सर्जनाच्या आणि गडद काचांच्या अटी गावागणिक बदलतात. एका शहरात चालणारी गाडी शेजारच्या शहरात नाकारली जाऊ शकते. गाडीचा परवाना नाकारला, तर मॅजिस्ट्रेट न्यायालयात अपील करता येते. प्लेटमाफी नाकारली, तर मात्र त्या कायद्यात अपिलाची तशी वाट ठेवलेली नाही. हप्ते सुरू झालेले, माफी नाही, कंपनीचे काम नाही, अशा कात्रीत कुटुंब सापडू नये, यासाठी ही एक लेखी चौकशी पुरेशी ठरते.

माफी मिळाल्यावर काय बदलते, याहून काय बदलत नाही हे ध्यानी धरणे अधिक गरजेचे. नोटीस गाडीत बाळगावी लागते. प्लेट आणि बिल्लाही जवळ ठेवण्याची अट सहसा असते. प्रत्येक फेरी परवानाधारक ऑपरेटरमार्फत आधी नोंदलेली असावीच लागते आणि ऑपरेटरला तिची नोंद ठेवावी लागते. हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या चकचकीत गाडीकडे कोणी सुटाबुटातला पाहुणा आला आणि "विमानतळावर सोडता का?" म्हणाला, तर उत्तर नाही असेच हवे. रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक घेण्याचा अधिकार केवळ हॅकनी कॅरेजला आहे. परवान्याविना तसे करणे 1847 च्या टाउन पोलीस क्लॉजेस कायद्यापासून गुन्हा आहे आणि अशा फेरीत विमाही साथ देत नाही. बाहेर प्लेट नसल्याने प्रवाशाला खूण दिसत नाही. म्हणूनच आतली कागदपत्रे अधिक चोख हवीत.

घरातील मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट. लंडनबाहेर, परवाना मिळालेली प्रायव्हेट हायर गाडी चोवीस तास प्रायव्हेट हायरच असते. 1997 च्या एका निकालात उच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. पत्नीने मुलांना शाळेत सोडण्यासाठी किंवा मुलाने रविवारी विहारात येण्यासाठी ती गाडी चालवली आणि त्यांच्याकडे प्रायव्हेट हायर चालकाचा परवाना नसेल, तर भाडे घेतले नसतानाही गुन्हा घडतो. घरात एकच गाडी ठेवण्याचा विचार असेल, तर हा खर्च हिशेबात आधीच धरावा.

आता चालकाच्या परवान्याविषयी. येथील पूर्ण ड्रायव्हिंग लायसन्स किमान बारा महिने हाती असावे लागते. भारतातील लायसन्सची वर्षे त्यात धरली जात नाहीत, मग तेथे वीस वर्षे गाडी चालवलेली असो. 1 डिसेंबर 2016 पासून काम करण्याचा हक्क तपासणे कौन्सिलवर बंधनकारक आहे आणि व्हिसाची मुदत संपते त्यापलीकडे परवाना दिला जात नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मुभा नाही आणि या धंद्यातील बहुतेक चालक स्वयंरोजगारी असतात. शिकायला आलेल्या तरुणांनी या फंदात पडू नये. परवान्याचे नूतनीकरण करताना एप्रिल 2022 पासून एचएमआरसीची करतपासणीही पूर्ण करावी लागते.

कायद्याची मुख्य कसोटी 'फिट अँड प्रॉपर' ही आहे : उमेदवार पात्र आणि योग्य व्यक्ती आहे काय? ब्रिटिश सरकारने जुलै 2020 मध्ये कौन्सिलांसाठी जे मानदंड प्रसिद्ध केले, त्यांत ही कसोटी तपशीलाने उलगडली आहे. चालकाची डीबीएसची सर्वांत सखोल तपासणी दर सहा महिन्यांनी व्हावी, असे ते सांगतात. परदेशात सलग तीन महिने वा अधिक काळ राहिलेल्यांकडून तेथील चारित्र्याचा दाखला मागवावा असेही त्यांत आहे. आपल्यापैकी ज्यांचे वय भारतात गेले, त्यांनी पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रासाठी वेळ राखून अर्ज करावा. मद्यपान करून गाडी चालवल्याची शिक्षा असेल, तर ती पूर्ण झाल्यापासून किमान सात वर्षे परवाना देऊ नये, हातातील फोन वापरल्याची असेल तर पाच वर्षे. कोणत्याही स्वरूपाच्या भेदभावाशी निगडित गुन्ह्यालाही सात वर्षांचीच मर्यादा घातली आहे. आपल्या वाचकांना या शेवटच्या ओळीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. या अर्जात बापाचा धंदा विचारत नाहीत, आडनावाचा अर्थ लावत नाहीत. माणसाचे वर्तन पाहतात. ते वर्तन नोंदीत स्वच्छ राखणे मात्र आपल्या हाती आहे. अटक, आरोप किंवा वाहतुकीचा गुन्हा घडला, तर सहसा 48 तासांत कौन्सिलला कळवावे लागते. लपवलेली छोटी गोष्ट पुढे मोठ्या गोष्टीहून जड जाते. चालकाचा परवाना नाकारला, तर 21 दिवसांत मॅजिस्ट्रेट न्यायालयात अपील करता येते. नकाराचे पत्र आले की तारीख मोजायला त्याच दिवशी सुरुवात करावी.

शेवटी आपल्या कार्यक्रमांविषयी थोडे. 14 एप्रिल जवळ आला, की भारतातून वक्ते आणि पाहुणे येतात व कोणाची तरी सात आसनी गाडी विमानतळाकडे निघते. पैसे न घेता केलेली ही सेवा भाड्यात मोडत नाही. पेट्रोलचा खर्च वाटून घेणेही चालते : 1988 च्या रोड ट्रॅफिक कायद्यानुसार एकूण रक्कम प्रवासाच्या खर्चाहून अधिक नसेल, ती निघण्यापूर्वी ठरलेली असेल आणि गाडीवाला प्रवासी वाहतुकीचा धंदा म्हणून हे करत नसेल, तर खासगी विमा अबाधित राहतो. पण "आपलीच माणसे आहेत" म्हणत प्रत्येकाकडून ठरीव भाडे घेऊन चार पैसे मागे टाकले, की ती विनापरवाना प्रायव्हेट हायर होते. विमाही निरुपयोगी ठरतो. विम्याविना गाडी चालवल्यास लायसन्सवर किमान सहा गुण बसतात, आणि ज्याला पुढे चालकाचा परवाना हवा आहे त्याच्या अर्जावर तो डाग अनेक वर्षे राहतो. अपघात झाला, तर गाडीत बसलेल्या आपल्याच माणसांच्या भरपाईचा मार्ग लांबतो तो वेगळाच.

तेव्हा क्रम असा ठेवावा. प्रथम व्हिसा आणि लायसन्सची मुदत पाहावी. मग चालकाच्या परवान्याचा अर्ज करावा, कारण त्यालाच सर्वाधिक वेळ लागतो. तोवर कंपन्यांचे किंवा एखाद्या ऑपरेटरचे काम लेखी मिळते का ते चाचपावे. कौन्सिलचे माफीचे धोरण वाचून लेखी उत्तर मिळवावे. भाड्याने प्रवासी नेण्याचा, ज्याला येथे 'हायर अँड रिवॉर्ड' म्हणतात तो, विमा किती पडतो ते विचारावे. हे सारे जुळले, की मग गाडीच्या शोरूमची पायरी चढावी. धोरणे बदलत असतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी मित्राला मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये, स्वतःच्या नावाचे उत्तर हाती घ्यावे.

ज्या कुटुंबांना अर्ज भरताना किंवा कौन्सिलला पत्र लिहिताना मदत हवी असेल, त्यांनी संपादक मंडळाकडे जरूर लिहावे. कागद एकत्र बसून वाचले, की निम्मी धास्ती ओसरते.

जय भीम. नमो बुद्धाय.