शेवटचा दिवस यादीचा

पेण-रोह्याकडून उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या बॅगेत एक कागद हमखास असतो. त्यावर दुआ कमी आणि नावे जास्त. फुफीला जानमाज, जावेला अबाया, शेजारच्या तीन घरांत तसबीह, आणि निघताना ज्यांनी लिफाफा हातात ठेवला त्यांना त्या लिफाफ्याच्या हिशेबाने काहीतरी. पंधरा दिवसांच्या सफरीतला मदिनेचा शेवटचा दिवस हा कागद खाऊन टाकतो. माझे म्हणणे असे की ही यादी बंद व्हावी, आणि ती मागे राहणाऱ्यांनी बंद करावी. जाणाऱ्याला ते जमत नाही. लिफाफा घेतलेला असतो ना!

खरेदीलाच माझा विरोध आहे असे कृपया समजू नका. हजच्या सफरीत व्यापार करण्यात गुन्हा नाही, हे खुद्द कुरआनात, सूरह बकराच्या १९८व्या आयतीत आले आहे. अजवा खजूर जरूर आणावा, तो मदिनेच्या मातीतला आहे. पण तिथल्या दुकानांतल्या जानमाज, टोप्या, तसबीह बऱ्याचशा चीन नाहीतर तुर्कस्तानच्या. तसाच माल मुंबईत मोहम्मद अली रोडवर मिळतो. पेणहून पोह्यांचे पापड नेणारा पाहुणा निदान पेणची चीज तरी नेतो.

आणि या घाईत राहून काय जाते? मदिनेत हिजाज रेल्वेचे जुने स्टेशन आहे, आता तिथे संग्रहालय आहे. दमास्कसहून निघालेली ही रेल्वे १९०८ साली मदिनेला पोहोचली. तिच्या बांधकामासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही वर्गणी दिली होती. दिवा-रोहा गाडीत अर्धे आयुष्य काढलेल्या आपल्या माणसाला तिथे तासभर उभे राहावेसे वाटणार नाही? पण परत आलेल्यांना विचारून पाहा, स्टेशन पाहिलेला क्वचित भेटेल. रियालचा भाव मात्र सगळ्यांना पाठ.

उहुदला तर सगळेच जातात. इसवी सन ६२५ मध्ये तिथल्या टेकडीवर नेमलेले तीरंदाज लढाईच्या ऐन वेळी लुटीच्या मालासाठी जागा सोडून खाली उतरले आणि जिंकत आलेली बाजी फिरली. मार्गदर्शक हे सांगत असतो, आणि आपली मंडळी तेवढ्यात खाली मांडलेल्या खजुराचा भाव विचारून येतात. हसू येते, वाईटही वाटते.

मक्का सोडतानाचा तवाफ-ए-विदा तर आणखी नाजूक. आपण कोकणी बहुतेक शाफई. शाफई फिकहनुसार हा तवाफ झाल्यावर वाटेची शिदोरी घ्यायला हरकत नाही, पण इतर खरेदीसाठी रेंगाळलात तर तवाफ पुन्हा करावा लागतो. सांगा, आपल्या किती चाच्यांना हे कुणी निघण्यापूर्वी समजावले?

त्यातल्या अनेकींची ही आयुष्यातली एकच सफर असते. पै-पै साठवून गेलेली बाई शेवटच्या दुपारी हॉटेलच्या खोलीत बसून तसबीह मोजते, वजनाच्या धास्तीने बॅग तीनदा उघडते, आणि कुणाचे नाव राहिले म्हणून पुन्हा बाजारात धावते.

तेव्हा पुढच्या वेळी लिफाफा देताना तोंडाने सांगा, "चाची, आमच्यासाठी काही आणू नका, दुआ करा." झमझमची पाच लिटरची बाटली विमानतळावर मिळतेच. घोट-घोट केला तर अख्ख्या मोहल्ल्याला पुरते.