तेल खाली दिसतं, गळतं वरून

आज भाताचं नाही, गाडीचं लिहितोय. पण वाचा, कारण पैसा शेतातलाच जातोय.

माझी जुनी ओम्नी. भेंडी घेऊन मुरबाडहून सरळगाव-किन्हवली करत शहापूरला निघालो, तर जळक्या ऑइलचा वास. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे वास आधी आपल्याच नाकात. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला: मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, गाडी दोन दिवस ठेवा. भेंडीची तोडणी दिवसाआड असते. दोन दिवस गाडी नाही म्हणजे माल जून, मग जनावरांनाच घाला.

मी गाडी घेऊन घरी आलो. इंजिन गार होऊ दिलं, फडक्याने कोरडं पुसलं, गावाला एक चक्कर मारली आणि बॅटरी मारून वरून पाहिलं. टॅपेट कव्हरच्या कडेने ओली रेघ! तेच तेल ओघळत खाली जात होतं, थोडं तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडून जळत होतं.

खालच्या खाचरात पाणी दिसलं म्हणून आपण तिथे खणत बसतो का? वरच्या बांधावर खेकड्याचं बीळ शोधतो. मग गाडीच्या बाबतीतच अक्कल गहाण का टाकतो? मोटारीचा फूट व्हॉल्व्ह आपण खोलतो, फवारणी पंपाचं वायसर आपण बदलतो, आणि रबराच्या एका पॅकिंगला घाबरतो. सगळे मेकॅनिक लबाड असं मी म्हणत नाही, दोन चांगले मीही धरून आहे. पण न बघता सांगितलेलं काम आणि पानाची मागची बाजू न बघता दिलेलं औषध, दोन्ही सारखंच. कृषीवाल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको.

पॅकिंग कडक का होतं? वर्षानुवर्षं उष्णता खाऊन. रबर दगडासारखं झालं की दाबलं जात नाही. एका कॅरेट भेंडीच्या पैशात नवीन आलं, वर पैसे उरले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, आड येणारे पाइप-वायर काढण्याआधी मोबाईलवर फोटो घेतला. कव्हर निघालं की आत माती, फडक्याचा धागा काही पडू देऊ नका, इथे घाई नको. जुनं रबर स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, अॅल्युमिनियमला चरा पडला की तिथून पुन्हा गळणार. सिलिकॉनही सगळीकडे थापायचं नसतं. गाडीच्या पुस्तकात सांगितलं असेल तेवढ्याच कोपऱ्यांना बोटभर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवळणं. "जोरात आवळ, गळणार नाही" हे अगदी "युरिया वाढव, पीक वाढेल" सारखं आहे. पत्र्याचं कव्हर वाकतं नाहीतर आटे जातात, मग खरंच गॅरेज. 6 मिमीच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर, नेमका आकडा पुस्तकात बघावा. मधून बाहेर, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत. लहान पाना धरा म्हणजे हाताला मस्तीच येत नाही.

आणि हो, ब्रीदरची नळी चोंदली असेल तर आतला दाब नवीन पॅकिंगलाही ढकलून तेल बाहेर काढतो. आधी ती साफ करा. मला हे उशिरा कळलं, एक पॅकिंग फुकट घालवून.

ऑइलला दुधाळ रंग आला किंवा रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र हा विषय नाही, तो हेड गॅस्केटचा संशय. तिथे हात घालू नका, चांगल्या मेकॅनिककडेच जा.

काम झालं की डिपस्टिकने ऑइल बघा, कमी असेल तर भरा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी उचलून बघा.