फायनलचं तिकीट नेमकं कुणाचं?

हॉकी म्हटलं की आपल्याला टर्फ आणि ध्यानचंद आठवतात. बॉस्टनच्या कॉलेजांमधली हॉकी मात्र बर्फावरची. बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न या चार टीम १९५२ पासून 'बीनपॉट' करंडकासाठी भिडतात. नाव घेवडा शिजवायच्या मडक्याचं, पण फेब्रुवारीतल्या पहिल्या दोन सोमवारी शहर त्यापायी वेडं होतं. एका सोमवारी सेमीफायनल, पुढच्या सोमवारी फायनल. तिकडे शिकणारी आपली मराठी पोरंही, बर्फावर कधी पाय ठेवलेला नसताना, पहिल्याच हिवाळ्यात तिकिटाच्या मागे लागतात.

आणि तिकीट मिळत नाही! टीडी गार्डनमध्ये १७ हजारांहून जास्त प्रेक्षक मावतात. पण वाटेकरीही तेवढेच: चार कॉलेजं, त्यांचे माजी विद्यार्थी, देणगीदार, शिवाय सामान्य बॉस्टनकर. नॉर्थईस्टर्नने १९८८ नंतर हा करंडक जिंकला तो थेट २०१८ मध्ये. मधली तीस वर्षं हरणाऱ्या टीमसाठी घसा फोडणारे होतेच की. टीम फायनलला गेली की मात्र कॅम्पसवर रातोरात चाहते उगवतात.

मग तिकीट द्यायचं कुणाला? रांग लावा, असं एक मत. बास्केटबॉलसाठी ड्यूक युनिव्हर्सिटीची मुलं तर मोठ्या मॅचआधी कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात. ऐकायला भारी वाटतं. पण ज्याला लॅब आहे, संध्याकाळी कॅन्टीनमध्ये शिफ्ट आहे, त्याने तंबूत राहायचं कधी? परदेशातून आलेल्या मुलांना तर हे काम चुकवून चालतच नाही. लॉटरी काढली तर सगळे समान. म्हणजे वर्षभर प्रत्येक मॅचला आलेला आणि एकदाही न फिरकलेला, दोघेही समान! राहिली हजेरीची पद्धत. मॅचला या, आयकार्ड स्कॅन करा, पॉइंट कमवा. यातही काही महाभाग स्कॅन करून पहिल्याच ब्रेकला पसार होतात. तरीही आम्हाला हीच पद्धत त्यातल्या त्यात बरी वाटते. फक्त थोडी तिकिटं लॉटरीसाठी ठेवावीत, म्हणजे शिफ्टवाल्यालाही आशा राहील.

अर्थात, विद्यार्थ्यांमधली ही भांडणं नंतरची. खरी वाटणी त्याआधीच झालेली असते. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याचं, 'फ्रोझन फोर'चं उदाहरण घ्या. जागा काही वर्षं आधी ठरते, तिकिटं कित्येक महिने आधी विकायला निघतात आणि खेळणाऱ्या चार टीम कळतात जेमतेम दोन आठवडे आधी. तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात. कॉलेजच्या वाट्याला जो कोटा येतो त्यातच खेळाडूंचे आईवडील, देणगीदार, पदाधिकारी आणि उरलं तर विद्यार्थी. आपल्या गॅदरिंगच्या पुढच्या चार रांगा 'साहेबांच्या पाहुण्यांना' जातात, तसंच.

म्हणून मागणी साधी आहे. कोट्यात किती तिकिटं आली आणि त्यातली किती विद्यार्थ्यांना दिली, हे दोन आकडे प्रत्येक कॉलेजने विक्री सुरू व्हायच्या आधी नोटीस बोर्डावर लावावेत. लॉटरी, रांग की पॉइंट, यावर मुलं मग खुशाल भांडतील.