आखाजीला आपण काय ठरवतो?



दरवर्षी अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. पाऊस कसा, कपाशी कशी, ज्वारी कशी, भावात तेजी की मंदी, हे दुपारपर्यंत गावोगावच्या पारावर पोचलेले असते. त्या परंपरेची टिंगल करायची आमची इच्छा नाही. आम्हीही कान देऊन ऐकतो. आमचे दुखणे वेगळे आहे. यंदा काय होणार हे आपण सगळे विचारतो. यंदा आपण काय करणार, हे किती जण ठरवतात?

ठरवतो म्हणा, पण कसे? एकरी दहा क्विंटल कापूस काढायचा, कर्ज फेडायचे, पोरीचे लग्न उरकायचे. यातला कापूस पावसाच्या हाती, भाव बाजाराच्या आणि सरकारच्या आयात-निर्यातीच्या हाती. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उभ्या पऱ्हाटीतली बोंडे पोखरली आणि असे सगळे मनसुबे बोंडांबरोबर गेले. मग माणूस स्वतःलाच नालायक समजू लागतो. जे आपल्या हातात नव्हतेच, त्याचा दोष आपल्या माथी का घ्यावा?

आपल्याच जिल्ह्यातले सिंदखेड पाहा. जिजाऊंचे सिंदखेड राजा नव्हे, मोताळा तालुक्यातले. २०१८ साली हे गाव पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत उतरले. मुदत ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे ४५ दिवस. झालेल्या कामाचे मोजमाप आणि त्यावर गुण. ऐन उन्हात टिकाव-फावडी चालली. ऑगस्टमध्ये निकाल लागला तेव्हा सिंदखेड साताऱ्याच्या भांडवलीबरोबर राज्यात दुसरे आले. सरकारचे काम गावाने फुकट का करावे, हा वाद आमच्यात झाला आणि तो अजून मिटलेला नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. ‘पाऊस पाडू’ असे या स्पर्धेत कोणत्याच गावाला ठरवायचे नव्हते. किती खोदायचे तेवढेच ठरवायचे होते. त्याच साली ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पावसाने दगा दिला, पण झालेले काम कोणी हिरावून नेले नाही.

मग घरचे काय ठरवावे? डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची, फरदड ठेवायची नाही. शेवटच्या बोंडांत अळी दडून राहते आणि पुढल्या हंगामाला तीच निघते. चार बोंडांच्या मोहाने आपण पऱ्हाटी उभी ठेवतो. एकट्याने उपटून मात्र भागत नाही, धुऱ्यापलीकडच्यानेही उपटली पाहिजे. म्हणून हे गावाने मिळून ठरवायचे.

आणि खर्चाची वही. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचणी, घरच्या बायकांची मजुरीसुद्धा. बैठकीत एकरी खर्च विचारला की आपण अंदाज सांगतो, आणि त्याच अंदाजाच्या जोरावर भाव मागायला जातो. समोरचा विचारतो, हिशेब कुठे आहे? तेव्हा माना खाली जातात. वही घरच्या लक्ष्मीच्या हाती द्यावी, ती आपल्यापेक्षा नीट ठेवते.

पुढल्या बैठकीला वह्या घेऊन या. आमचीही आणू. मागच्या साली वेचणी सुरू झाल्यावर तिच्यात एक ओळ लिहिलेली नाही, तेही दाखवू.