फेर कुठाय?

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या! पण हा विषय मला मराठीतच नीट कळला, तोही आजोबांकडून.

आमच्या प्रोजेक्टच्या लिनक्स सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद करायचं होतं. एसएसएचच्या मुख्य कॉन्फिग फाईलमध्ये मी ‘नो’ लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि मेसला पळाले. तीन आठवड्यांनी कळलं, दार सताड उघडंच होतं! त्या फाईलच्या वरच्या भागात ‘इन्क्लूड’ची एक ओळ होती. ती शेजारच्या फोल्डरमधल्या फाईली आत ओढत होती आणि त्यातल्या एकीत ‘यस’ होतं. एसएसएच जे आधी वाचतं तेच धरतं. माझं ‘नो’ मागून आलं, वाया गेलं. एरर? एकही नाही!

सुट्टीत हसनाबादला गेले, तर आजोबा सातबारा घेऊन बसलेले. त्यावर फेरफारांचे नुसते नंबर असतात. नाव का लागलं, का कमी झालं, ते गाव नमुना ६ मध्ये. म्हणजे इन्क्लूडच की! आजोबा एकेका नंबरावर बोट ठेवून विचारत होते, “नंबर हाय, मग ह्याचा फेर कुठाय?”

आपलं सॉफ्टवेअर हा प्रश्न पुरेसा विचारत नाही, ही माझी तक्रार. गिटमध्ये इन्क्लूड केलेली फाईल जागेवर नसली तरी ते गुपचूप पुढे जातं. सुडोमध्ये इन्क्लूडच्या ओळीची सुरुवातच हॅशने व्हायची. हॅश म्हणजे कॉमेंट, असं आपण शिकलो. पण ही ओळ चक्क चालायची! २०२० मध्ये १.९.१ आवृत्तीत ‘ॲट’ चिन्हाचा पर्याय आला. शिवाय सुडोच्या त्या फोल्डरमधल्या फाईलच्या नावात टिंब असेल, तर ती वाचलीच जात नाही.

काही जण म्हणतात, एकच मोठी फाईल ठेवा. मला नाही पटत. अपडेटमध्ये मुख्य फाईल बदलू शकते. आपले बदल वेगळ्या फाईलीत असले की शाबूत राहतात. इन्क्लूड हवंच, पण मुकं नको. अपाची २.४ मध्ये ‘इन्क्लूड’ला फाईल सापडली नाही तर एरर येते, नसली तरी चालणार असेल, तर ‘इन्क्लूडऑप्शनल’ असं स्पष्ट लिहावं लागतं. गिटलाही ‘शो-ओरिजिन’ म्हटलं की कुठली सेटिंग कुठल्या फाईलीतून आली ते दाखवतं. मग हे सगळीकडे का नको?

आपणही मिनी-प्रोजेक्टमध्ये कॉन्फिग लिहितोच. तिथून सुरुवात करू या. फाईल नसेल तर प्रोग्रॅमने थांबावं, कोण आधी वाचलं जातं आणि कोणाचं चालतं हे लिहून ठेवावं, आणि प्रत्येक सेटिंगचं मूळ दाखवावं. व्हायव्हात सरांनी विचारलं तर बिनधास्त सांगा, हसनाबादच्या आजोबांनी शिकवलं!