सजगतेची मात्रा

स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योग मीमांसा' हे त्रैमासिक काढून आसन-प्राणायामांविषयीचे परंपरागत दावे क्ष-किरणयंत्र व रक्तदाबमापक यांच्या साक्षीने तपासावयास घेतले, त्यास शंभर वर्षे उलटून गेली. परंतु आज पुण्यातील आपण समुपदेशक मंडळी ज्या सढळ हाताने सजगताधिष्ठित (माइंडफुलनेसच्या) उपचाराची शिफारस करीत असतो ती पाहता, तपासणीच्या त्या शिस्तीस लोणावळ्याहून पुण्याची लोकल मिळालीच नाही की काय, अशी शंका येते.

या उपचाराची खरी बाजू भक्कम आहे, पण मर्यादितही आहे. टीसडेल, सेगल, विल्यम्स प्रभृतींच्या 2000 सालच्या चाचणीत, नैराश्याचे तीन वा अधिक झटके येऊन तूर्त बरे असलेल्या रुग्णांत पुनरुद्भव बराच घटला, दोनच झटके आलेल्यांत मात्र नाही. आणि 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 424 रुग्णांच्या चाचणीत, औषधे हळूहळू कमी करीत हा उपचार घेणाऱ्यांपैकी 44 टक्क्यांस, तर औषधे चालू ठेवणाऱ्यांपैकी 47 टक्क्यांस दोन वर्षांत पुनरुद्भव झाला, म्हणजे गोळ्यांहून तो सरस ठरला नाही. ऐन झटक्यात बुडालेल्या माणसास श्वासाकडे पाहत बसवण्याचा परवाना यातून कोणासही मिळत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. कित्येक रुग्ण इगतपुरीच्या धम्मगिरीवरील दहा दिवसांचे मौनशिबिर करून आपल्याकडे येतात. गंभीर मनोविकार असणाऱ्यांनी शिबिरास येऊ नये, अशी सूचना त्या शिबिरांच्या नियमावलीतच आहे. ध्यानकेंद्राने घ्यावी ती खबरदारी दवाखान्याने घेऊ नये, हे अजबच. तेव्हा पूर्वी कोणते ध्यान केले आणि त्या वेळी काय झाले, असा एक रकाना इतिहासपत्रकात हवा. अत्याचार सोसलेल्या स्त्रीस डोळे मिटून सर्वांगावर लक्ष फिरवावयास सांगितले, की छातीपाशी येताच तिचा श्वास अडकतो व तळहात गार पडतात. अशा वेळी सत्र रेटू नये, डोळे उघडवावेत, पावले फरशीवर टेकवावीत व बाहेरच्या रिक्षांचे आवाज ऐकावयास सांगावे.

मूळ आराखडा आठ आठवड्यांचा, दर आठवड्यास सुमारे दोन तासांचे सत्र आणि घरी रोज जवळपास पाऊण तास सराव असा आहे. कसब्यातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सासू, मुले आणि कुकरच्या शिट्ट्या सांभाळणाऱ्या बाईने तो पाऊण तास काढावा कोठून? तो दहा मिनिटांवर आणण्यास आमची हरकत नाही. मात्र आणल्यावर मूळ चाचणीची टक्केवारी तिला ऐकवू नये, आणि किती मात्रा दिली याची नोंद तारखेनिशी ठेवण्यात हयगय करू नये.