पाच दिवसांच्या गोळ्या

‘आधी सूज उतरू द्या, मग बघू.’ संध्याकाळच्या गर्दीत हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघते. सोबत अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, एक वेदनाशामक आणि पित्ताची गोळी अशी पाच दिवसांची चिठ्ठी. समोरचा माणूस कित्येक वर्षांनी दाताच्या दवाखान्यात आलेला असतो. आडवे झाले की ठणका वाढतो म्हणून त्याने रात्री बसून काढलेल्या असतात, तोंडात गार पाणी धरून धरून घसा बसलेला असतो. चिठ्ठी हातात पडताच त्याला सुटल्यासारखे वाटते. आज सुई नाही, दाढ काढणे नाही. चार दिवसांत कळ थांबते आणि तो पुन्हा फिरकत नाही.

फिरकतो तेव्हा वर्ष-दोन वर्षे उलटलेली असतात आणि गाल टम्म सुजलेला असतो. मग आपण त्याला दरडावतो, ‘इतकी वर्षं काय करत होतात?’ तो बिचारा आपण शिकवले तेच करत होता. दाढ दुखली की गोळी घ्यायची आणि कळ थांबली की विसरायचे, हा धडा त्याने मेडिकलवाल्याकडून घेतला असेल, पण त्याच्यावर शिक्कामोर्तब आपण केले.

पल्पला झालेला दाह परतण्यापलीकडे गेला की तिथे प्रतिजैविकाला करण्यासारखे काही उरत नाही. पल्प मरतो, म्हणून कळ थांबते. श्रेय मात्र गोळीला जाते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये याबाबत स्पष्ट मार्गदर्शन केले आहे: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढ रुग्णाला, दातावर प्रत्यक्ष उपचार करणे शक्य असेल तर, अशा दाहासाठी आणि मुळापाशी मर्यादित असलेल्या गळवासाठीसुद्धा प्रतिजैविके देऊ नयेत. दात उघडा, पू वाहू द्या किंवा दात काढा, आणि वेदनेसाठी आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉल वापरा. हे आपल्यापैकी कुणालाच नवे नाही. तरीही चिठ्ठी लिहिली जाते, आणि त्याचे कारण अज्ञान नाही, हे मान्य करून बोलले पाहिजे.

वेळेचे कारण खरे आहे. अपॉइंटमेंटच्या मधोमध आलेला रुग्ण सगळे वेळापत्रक उधळतो. ‘सूज असताना दाढ काढली तर संसर्ग पसरेल’ ही जुनी समजूतही अजून पुरती गेलेली नाही. संसर्गाचे मूळ जागेवर ठेवून त्याच्याभोवती औषध फिरवत बसण्यात धोका अधिक, हे आपले शल्यचिकित्सक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पण सर्वांत मोठे कारण बहुधा कुणी उघड बोलत नाही. आपल्याला भीती वाटते ती भूल न लागण्याची.

ही भीती निराधार नाही. खालची पेटलेली दाढ ही भुलीची खरी परीक्षा. ओठ बधिर झाला म्हणजे पल्प बधिर झाला असे नव्हे, हे ठाऊक असूनही आपण ओठ विचारतो आणि बर घेतो. आम्लधर्मी ऊतींमध्ये लिग्नोकेन नीट काम करत नाही, हे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण इथे अर्धेच लागू पडते, कारण ब्लॉक दाढेपासून बराच लांब दिलेला असतो. दाहामुळे मज्जातंतूंचे सोडियम मार्गच बदलतात आणि काही मार्ग लिग्नोकेनला दाद देत नाहीत, हे त्यामागचे आणखी एक कारण मानले जाते. उपाय आपल्या हाताशी आहेत. थंड स्प्रेने दाढ तपासल्याशिवाय सुरुवात करू नये. ब्लॉकला गालाच्या बाजूने आर्टिकेनची जोड द्यावी, तरीही भागले नाही तर दाताच्या अस्थिबंधात किंवा हाडात. इंजेक्शनच्या तासभर आधी आयबुप्रोफेन दिल्यास ब्लॉक यशस्वी होण्याचे प्रमाण वाढते. अर्थात आम्लपित्त, मूत्रपिंड आणि दम्याची विचारपूस करूनच. सगळ्यात शेवटी पल्पमध्ये थेट इंजेक्शन, तेही रुग्णाला आधी सांगून. पल्पचा वरचा भाग काढून तात्पुरते सिमेंट भरले, तरी तो माणूस त्या रात्री झोपतो. संपूर्ण रूट कॅनाल त्याच दिवशी व्हायला हवे असे मुळीच नाही.

भुलीवर इतके लिहिण्याचे कारण आहे. वर्षानुवर्षे दवाखाना टाळणाऱ्यांना ‘मागच्या वेळी काय झालं होतं?’ असे विचारून पाहा. पुष्कळजण एकच सांगतात: भूल दिली होती तरी दुखले, आणि ‘दुखतंय’ म्हटले तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘नाही, हा नुसता दाब कळतोय.’ डावा हात वर केला की बर थांबेल, हा करार पहिल्याच मिनिटाला करावा आणि पाळावा. तो एकदा जरी मोडला, तरी पुढच्या वेळी हा माणूस दाढेखाली तंबाखूची चिमूट धरेल, लवंगेचे तेल लावेल, पण खुर्चीत बसणार नाही.

स्वीडिश दंतवैद्य उल्फ बर्गग्रेन यांनी 1984 मध्ये दंतभयाचे चक्र मांडले, त्यात भीती, टाळाटाळ आणि बिघाड यांच्या पुढची कडी शरमेची आहे. तोंड उघडायचीच लाज वाटते. आपल्याकडे या शरमेला एक खास कंगोरा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि पुडी खिशात आहे. खेड्यापाड्यातल्या अनेक बायका मिश्री लावतात आणि घरच्यांसमोरही ती कबूल करत नाहीत. या मंडळींना सुईचे भय कमी आणि निकालाचे अधिक: डॉक्टर तोंडात बघतील आणि कॅन्सर म्हणतील. तोंड दोन बोटे उघडत नसलेल्या रुग्णाला दाढेच्या कळेने आणले असेल, तर वझिरानी-अकिनोसी पद्धतीने भूल देऊन आधी ती कळ थांबवा. श्लेष्मल त्वचा नीट बघाच, संशयास्पद डाग असेल तर त्याच दिवशी शांतपणे सांगा. तंबाखूवरचे व्याख्यान दुसऱ्या भेटीला ठेवले तरी चालते. पहिल्याच भेटीत दिले तर दुसरी भेट होत नाही.

तेच अंदाजपत्रकाचे. ठणकणाऱ्या माणसाच्या हातात सहा कॅप आणि दोन इम्प्लांटचा हिशेब ठेवणे हा धंद्याच्या दृष्टीनेही शुद्ध वेडेपणा आहे.

याचा अर्थ प्रत्येक सूज खुर्चीतच निस्तरावी असा नाही. 1836 मध्ये लुडविग यांनी वर्णन केलेला जिभेखालचा आणि हनुवटीखालचा संसर्ग आजही जीव घेऊ शकतो, आणि त्याची सुरुवात बहुतेकदा खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेतूनच होते. लाळ गिळता येत नाही, जीभ वर उचललेली, आवाज बदललेला, जबडा आवळलेला, ताप चढलेला, अशा रुग्णाला चिठ्ठी देऊन घरी धाडणे अक्षम्य आहे. त्याला शस्त्रक्रिया विभाग असलेल्या रुग्णालयात, आधी फोन करून, सोबत माणूस देऊन पाठवावे. मधुमेही रुग्णाबाबत हा उंबरठा आणखी खाली ठेवावा. ग्लुकोमीटर प्रत्येक दवाखान्यात हवाच.

आणखी एक प्रश्न आपण विचारायचा राहतो: चोवीस तासांत किती गोळ्या झाल्या, आणि कोणत्या? डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल एका दुकानातून, असिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दुसऱ्या दुकानातून, शिवाय तापाची म्हणून नुसती पॅरासिटामॉल. नावे वेगळी असल्याने रुग्णाला हे एकच औषध वाटत नाही. रिकामी पाकिटे टेबलावर ठेवायला सांगितली, तर पाच मिनिटांत यकृत आणि जठर दोन्ही वाचतात.

वाचकांना एक विनंती. गेल्या महिन्यातल्या चिठ्ठ्या काढून बघा. दाढदुखीसाठी अचानक आलेल्या किती रुग्णांना प्रतिजैविक दिले, त्यांतल्या किती जणांच्या दाताला त्याच दिवशी हात लावला, आणि किती जण परत आले, हे तीन आकडे रुग्णांची नावे न देता आमच्याकडे पाठवा. जसे येतील तसे छापू. संपादक मंडळातल्या सदस्यांच्या दवाखान्यांचेही आकडे त्यांत असतील; प्राथमिक मोजणीवरून ते फारसे मिरवण्यासारखे दिसत नाहीत.